पत्त्यांचा गेम अडकतो कुठे? मेंढीकोटच्या उदाहरणातून ॲपचा वेग आणि सोय समजून घ्या



अमडापूर, चिखली, खामगाव या पट्ट्यातल्या तरुणांकडून एक प्रश्न हमखास येतो. "सर, मोबाईल ॲप बनवायचंय. डिझाईन एकदम भारी पाहिजे. किती खर्च येईल?" प्रश्न चांगला आहे, पण क्रम चुकतोय. भारी डिझाईनवर पैसे घालून बनवलेली ॲप्स लोक पहिल्या दोन मिनिटांत काढून टाकतात. कारण विचारलं तर सांगतात, "अडकते लय." किंवा, "काय कुठं दाबायचं तेच समजत नाही."

ॲपच्या धंद्यातली ही दोन दुखणी आहेत. पहिलं वेगाचं, दुसरं सोयीचं. व्हिडिओत वेळ कमी असतो म्हणून आकडेमोड करता येत नाही, ती इथे करू. उदाहरण म्हणून सगळ्यांच्या ओळखीचा मेंढीकोट घेऊ. समजा, तुम्हाला मेंढीकोटचा मोबाईल गेम बनवायचाय. पत्त्यांचा गेम वरवर सोपा वाटतो, कारण 52 पानं आणि चार भिडू एवढाच मामला. पण छोट्या स्क्रीनवर भरपूर माहिती, बोटाने अचूक निवड, समोरच्याची वाट बघणं आणि कच्चं नेटवर्क, या सगळ्या अडचणी त्यात एकत्र येतात. इथे जे शिकाल ते किराण्याच्या ऑर्डर ॲपलाही लागू पडतं.

आधी कायदा, मग कोड

पत्त्यांचा गेम म्हटलं की कोणीतरी म्हणतोच, "त्यात पैसे लावायची सोय टाका, मग चालतो." हा सल्ला ऐकू नका. संसदेने 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला आणि 22 ऑगस्ट 2025 रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमला त्यात बंदी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद त्यात चालत नाही. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसती जाहिरात केली तरी शिक्षा आहे. हा कायदा आल्यावर रमीच्या मोठमोठ्या कंपन्यांना पैशांचे डाव बंद करावे लागले.

मग कमाई कशी होणार? पैसे न लावता, करमणुकीसाठी खेळायच्या गेमला हा कायदा आडवा येत नाही. अशा गेमसाठी एकदाच किंमत घेता येते किंवा वर्गणी ठेवता येते, फक्त ती रक्कम डावावर लागता कामा नये. जाहिरातीही दाखवता येतात. आता यातली गोम बघा. पैशाच्या लोभाने आलेला खेळाडू अडकणारा गेमही सहन करतो. निव्वळ गंमत म्हणून आलेला माणूस अजिबात सहन करत नाही. त्यामुळे तुमचं भांडवल एकच आहे, ते म्हणजे गेम हातात सुखाने चालला पाहिजे.

स्क्रीनवर काय काय दिसलं पाहिजे?

मेंढीकोट माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. चार जण, दोन-दोनची जोडी, समोरासमोर भिडू. प्रत्येकाला 13 पानं. ज्या रंगाची उतारी झाली त्या रंगाचं पान असेल तर तेच टाकायचं, नसेल तर हुकूम मारता येतो. चार दश्शे म्हणजे मेंढ्या. ज्या जोडीकडे तीन किंवा चार दश्शे, ती जिंकली. दोन-दोन झाले तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले. चारही दश्शे एकाच जोडीने नेले तर मेंढीकोट. हिंदी पट्ट्यात याचाच भाऊ 'देहला पकड' म्हणून खेळतात.

आता डिझाईनच्या आधी कागद घ्या आणि लिहा, की डावात खेळाडूच्या डोक्यात कोणते प्रश्न असतात:

1. माझ्याकडे कोणती पानं आहेत?
2. हुकूम काय आहे?
3. आत्ता कोणाची पाळी आहे?
4. या हातात कोणी कोणतं पान टाकलं?
5. कोणत्या जोडीकडे किती दश्शे आणि किती हात झाले?

हे पाच प्रश्न म्हणजेच तुमची स्क्रीन. पाचही उत्तरं एकाही बटणाला हात न लावता दिसली पाहिजेत. सोन्याची नाणी, चमकणारा मुकुट, मागे हलणारा राजवाडा, हे सगळं नंतरचं. या पाच उत्तरांच्या आड येत असेल तर ते काढूनच टाका. पैसे वाचतात आणि गेमही पळतो.

"हँग होते" म्हणजे नक्की काय?

खेळाडू प्रत्येक तक्रारीला एकच शब्द वापरतो, "हँग होते." डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटलं तर औषध मिळत नाही. कुठे दुखतंय ते सांगावं लागतं. हँगचे चार प्रकार आहेत आणि चौघांचे इलाज वेगळे आहेत:

- उघडायला उशीर: आयकॉन दाबला, पण डाव सुरू व्हायला वेळ लागतो.
- बोटाला उत्तर नाही: पान दाबलं, पण काहीच घडत नाही. मग माणूस परत दाबतो आणि भलतंच पान जातं.
- झटके: पान सरळ सरकण्याऐवजी उड्या मारत जातं.
- वाट बघणं: आपलं पान गेलं, पण समोरच्याचं येत नाही, आणि का येत नाही ते कळत नाही.

किती उशीर चालतो, याचे जुने आणि अजूनही खरे ठरणारे अंदाज आहेत. याकोब निल्सन या वापरसोयीच्या तज्ज्ञाने 1993 च्या आपल्या पुस्तकात ते मांडले. 0.1 सेकंदाच्या आत उत्तर मिळालं तर माणसाला वाटतं, हे माझ्या बोटानेच घडलं. एक सेकंदापर्यंत त्याच्या विचाराचा धागा तुटत नाही. 10 सेकंद उलटले की लक्ष दुसरीकडे जातं. म्हणजे पान दाबल्यावर ते 0.1 सेकंदात किंचित वर उचललं गेलंच पाहिजे. पुढचं सगळं थोडं मागाहून झालं तरी चालतं.

झटक्यांचं गणित वेगळं आहे. साध्या फोनची स्क्रीन सेकंदाला 60 वेळा चित्र बदलते. 1000 मिलिसेकंद भागिले 60, म्हणजे एका चित्राला सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात. तुमच्या गेमचं एका चित्राचं काम तेवढ्यात उरकलं नाही तर ते चित्र गळतं. सलग दोन-चार गळली की डोळ्याला झटका दिसतो.

इलाज पहिला: पानांची चित्रं हलकी करा

सगळ्यात जास्त ओझं इथेच असतं, म्हणून नीट समजून घ्या.

समजा, डिझायनरने प्रत्येक पान 500 बाय 700 पिक्सेलचं दिलं. फाईल बघाल तर ती 50-60 केबीची. तुम्ही म्हणाल, "हलकी तर आहे!" पण फाईलचा आकार वेगळा आणि मेमरीतला आकार वेगळा. सोयाबीनची गोणी शिवलेली असते तेव्हा एका कोपऱ्यात मावते. तीच अंगणात ओतून पसरली की सगळं अंगण भरतं. चित्राचं तसंच होतं. फोनमध्ये उघडलं की प्रत्येक पिक्सेलला साधारण 4 बाइट लागतात. 500 गुणिले 700 गुणिले 4, म्हणजे एका पानाला 14 लाख बाइट, सुमारे 1.4 एमबी. 52 पानांचे झाले जवळपास 73 एमबी! आणि अजून टेबल, बटणं, आवाज काहीच आलेलं नाही.

आता स्वस्त फोनकडे बघा. 720 पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर ते पान दिसतं साधारण 120 पिक्सेल रुंद. म्हणजे आपण ट्रक भरून माल आणतोय आणि विकतोय टोपलीभर. तेच पान 240 बाय 336 चं ठेवलं, म्हणजे दिसण्यापेक्षा दुप्पट बारकाईचं, तरी 52 पानं सुमारे 17 एमबीत बसतात. चांगल्या फोनवरही ती स्वच्छ दिसतात.

यापुढची युक्ती म्हणजे सगळी पानं एकाच मोठ्या चित्रात शेजारी-शेजारी मांडायची आणि लागेल तो तुकडा दाखवायचा. याला 'ॲटलस' म्हणतात. फोनच्या चित्र काढणाऱ्या चिपला 52 वेगळ्या फाईली हाताळण्यापेक्षा एकच कागद समोर असणं सोपं जातं. हे सोडाच, साध्या पानांना 52 चित्रं कशाला हवीत? चार रंगांची चिन्हं, एक्क्यापासून राजापर्यंतची 13 नावं, आणि राजा-राणी-गुलाम यांची चित्रं एवढ्यातून सगळी पानं जुळवता येतात.

इलाज दुसरा: नको ते काम बंद करा

पारावर डाव चालू असताना एकाने पान टाकलं, तर आपण सगळ्यांची पानं गोळा करून परत मांडतो का? नाही. जे पान हललं तेवढंच हलतं. पण घाईत लिहिलेले गेम नेमकं तेच करतात. एक पान पडलं की अख्खी स्क्रीन नव्याने रचतात. डेव्हलपरला विचारा, "एक पान टाकल्यावर किती गोष्टी परत काढल्या जातात?"

दुसरी गोष्ट पानांच्या पुनर्वापराची. पत्त्यांचा एक कॅट आपण वर्षभर पिसून वापरतो. प्रत्येक डावाला नवा विकत आणत नाही. गेममध्येही 52 पानं सुरुवातीला एकदाच तयार करायची आणि डाव संपला की तीच पिसायची. दरवेळी नवी बनवून जुनी फेकली तर फोनला मधूनच कचरा काढत बसावं लागतं आणि नेमका तेव्हाच झटका बसतो.

तिसरी गोष्ट एकट्याने खेळताना लागते. समोर संगणक खेळत असेल तर कोणतं पान टाकायचं याचा विचार तो करतो. हा विचार आणि स्क्रीनचं काम एकाच धाग्यावर ठेवलं तर संगणक विचार करेपर्यंत स्क्रीन गोठते. दुकानात एकच माणूस गल्ल्यावरही आणि गोदामातही असेल तर तो आत गेल्यावर गिऱ्हाईक ताटकळतं. गल्ल्यावरचा माणूस जागचा हलवू नका, गोदामाला दुसरा ठेवा. जाहिरात उतरवून घेणं, स्कोअर साठवणं ही कामंही गोदामातल्याकडेच द्या.

सोय: तेरा पानं आणि एक अंगठा

आता सोयीकडे येऊ. आधी एक आकडा लक्षात ठेवा. अँड्रॉइडसाठी गूगलची शिफारस आहे की दाबायची कोणतीही जागा किमान 48 बाय 48 डीपी असावी. डीपी हे स्क्रीनचं माप आहे. साधारण फोन उभा धरला तर त्याची रुंदी 360 डीपीच्या आसपास असते.

एका ओळीत 13 पानं पंख्यासारखी लावली आणि प्रत्येक पान 60 डीपी रुंद धरलं, तर शेवटचं पान पूर्ण दिसेल. बाकी 12 पानांसाठी उरले 300 डीपी. म्हणजे एका पानाला 25 डीपी, शिफारशीच्या जेमतेम निम्मे! इथेच चुकीचं पान जातं. मेंढीकोटमध्ये चुकीचं पान म्हणजे दश्शा गेला, भिडू खवळला, आणि बिचाऱ्याने गेम काढून टाकला. त्याची चूक नव्हतीच, जागाच कमी होती.

उपाय काय? तीच पानं दोन ओळींत लावा, सात आणि सहा. सातच्या ओळीत शेवटचं पान सोडून सहा पानांना 300 डीपी, म्हणजे प्रत्येकी 50 डीपी. बसलं की नाही शिफारशीत! किंवा फोन आडवा धरून खेळायची सोय द्या. पानं कमी होत जातील तशी ती फाकवत न्या, आखडून ठेवू नका.

दुसरा उपाय दोन टप्प्यांचा. पहिल्यांदा दाबलं की पान वर येतं, दुसऱ्यांदा दाबलं की पडतं. अट्टल खेळाडूंना हे संथ वाटेल, म्हणून सेटिंगमध्ये 'एकदाच दाबून पान टाका' असा पर्याय ठेवा. पण नव्या माणसासाठी सुरुवात दोन टप्प्यांचीच असू द्या.

आणखी काही बारीक पण कामाच्या गोष्टी:

- पानाचा कोपरा मोठा करा. पंख्यात पानाचा फक्त डावा कोपराच दिसतो. तिथला आकडा आणि चिन्ह ठळक हवं. मधलं नक्षीकाम छान असेल, पण ते झाकलेलंच राहतं.
- चालणारी पानं उजळ, न चालणारी फिकट. बदामाची उतारी झाली आणि हातात बदाम असेल तर बाकी पानं फिकट करा. लपवू मात्र नका, कारण खेळाडू त्यावरून पुढचा विचार करत असतो.
- रंग आपोआप लावून द्या. लाल आणि काळे रंग आलटून-पालटून ठेवा: इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. बदामाला लागून चौकट ठेवली की घाईत गोंधळ होतो.
- मागचा हात बघायची सोय. पारावर आपण "थांब रे, कोणी काय टाकलं?" असं विचारतोच. नियमानुसार फक्त शेवटचा एक हात दाखवा.
- भाषा. 'ट्रम्प' लिहू नका, 'हुकूम' लिहा. 'युवर टर्न' नको, 'तुमची पाळी' लिहा. गावोगावी हुकूम ठरवायची पद्धत वेगळी असते. कुठे बंद हुकूम, कुठे रंग तुटला की पडलेलं पान हुकूम. डाव सुरू होताना दोन मोठ्या बटणांत विचारा.

फक्त रंगावर विसंबू नका. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं आपल्याच ओळखीत असतात, आणि भर उन्हात शेतात फोन बघणाऱ्याला तर कोणालाच फिका रंग दिसत नाही. 'तुमची पाळी' हे हिरव्या दिव्याने दाखवताना सोबत अक्षरं आणि हलकी थरथरही द्या. सावंतवाडीचा गंजिफा बघितलात का? गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग आणि एकूण 120 पानं असतात. त्यात पानाची पार्श्वभूमीही रंग ओळखायला मदत करते आणि चिन्हंही. एक खूण चुकली तर दुसरी सांभाळून घेते. फोन येण्याच्या कितीतरी आधी आपल्या कारागिरांना हे कळत होतं.

आणखी एक जुना दाखला. 1990 साली विंडोज 3.0 सोबत 'सॉलिटेअर' हा पत्त्यांचा गेम आला. त्याची पानं सुझन केअर यांनी रेखाटली होती. माउसने वस्तू धरून ओढायची आणि सोडायची, ही सवय त्या काळात लाखो लोकांना त्या गेमनेच लावली. वर्ग नाही, पुस्तक नाही. चांगली सोय ती, जी शिकवल्याशिवाय कळते.

कुठे घाई, कुठे सबुरी?

वेग म्हणजे सगळंच भराभर पळवणं नव्हे. एका डावात 52 पानं पडतात. प्रत्येक पान टेबलावर जायला एक सेकंद लावलात तर 52 सेकंद नुसतं बघण्यात गेले. तेच पाव सेकंदात नेलं तर 13 सेकंद. डाव एकदम हलका वाटतो.

पण हात पूर्ण झाला की चारही पानं एक सेकंद तशीच राहू द्या. दश्शा कोणी नेला हे डोळ्यांनी बघण्यातच खरी मजा आहे. ती पानं झटकन गायब केली तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं. 13 हातांचे 13 सेकंद. जे वाचवले ते योग्य जागी खर्च केले. धंद्यातही हेच करतो ना आपण? बिल पटकन करा, पण गिऱ्हाईकाला माल नीट बघू द्या.

रेंज जाते, डाव जाऊ नये

आपल्याकडे खेळणारा माणूस एसटीत असतो, शेताच्या बांधावर असतो, कधी टिनाच्या शेडमध्ये. रेंज येणार-जाणार हे गृहीत धरूनच गेम बांधा.

1. एकट्याचा डाव इंटरनेटशिवाय चालला पाहिजे. संगणकासोबत खेळायला नेटची गरजच काय?
2. पाठवा कमी. 'सातवी चाल, बदाम दश्शा' एवढाच निरोप सर्व्हरला हवा. अख्ख्या टेबलाची स्थिती दरवेळी पाठवू नका.
3. चालीला क्रमांक द्या. रेंज गेल्यामुळे तोच निरोप दोनदा गेला तरी सर्व्हर म्हणेल, "सातवी चाल माझ्याकडे आलीये." पान दोनदा पडणार नाही. पैशांच्या ॲपमध्येही एकच पेमेंट दोनदा होऊ नये म्हणून हीच युक्ती वापरतात.
4. परत आल्यावर डाव तिथूनच. खरी नोंद सर्व्हरकडे ठेवा. माणूस फोन बंद करून परत आला तरी त्याची पानं जागच्या जागी मिळाली पाहिजेत.
5. खरं सांगा. नुसतं गोल फिरणारं चक्र दाखवू नका. 'तुमची रेंज गेली आहे, जोडतोय' किंवा 'भिडूची वाट बघतोय' असं लिहा. कारण कळलं की माणूस थांबतो.
6. दुसऱ्यांची पानं फोनवर पाठवूच नका. झाकून ठेवली तरी कोणीतरी हुशार ती उघडून बघतो. जे दिसायला नको, ते फोनपर्यंत जायलाच नको.

तपासणी: तुमची लॅब गावातच आहे

मोठ्या कंपन्या चाचणीसाठी माणसं शोधतात. तुमच्याकडे पार आहे, चहाची टपरी आहे, बसस्टँड आहे. वेगवेगळी पाच माणसं निवडा. कॉलेजचा पोरगा, चष्मा लावणारे काका, घरात पत्ते खेळणारी मावशी, ज्याच्या फोनची काच तडकलीये असा एखादा, आणि मेंढीकोट कधीच न खेळलेला एखादा. फोन त्यांच्या हातात द्या आणि तोंड बंद ठेवा. हे सगळ्यात अवघड आहे! "तिथं नाही, इथं दाबा" असं सांगायची फार हुक्की येते. सांगू नका, वहीत लिहा. कुठे बोट थांबलं? कुठे दोनदा दाबलं? "हे अटकलं काहून बे?" असं कोणत्या क्षणी म्हणाला? पाचपैकी तिघं एकाच जागी अडले, तर दुरुस्ती तिथून सुरू करा.

उशीर मोजायला महागडं यंत्र लागत नाही. दुसऱ्या फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्याने बोट आणि स्क्रीन दोन्हींचं शूटिंग करा. कॅमेरा सेकंदाला 240 चित्रं घेत असेल तर बोट टेकल्यापासून पान उचलेपर्यंतची चित्रं मोजा. 24 चित्रं म्हणजे बरोबर 0.1 सेकंद. त्याच्या आत असाल तर उत्तम. आणि चाचणी तुमच्या स्वतःच्या नव्या फोनवर नको, घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर करा. बॅटरी कमी असताना, मेमरी भरलेली असताना.

प्ले स्टोअरचा नियमही लक्षात घ्या. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. आधी ही संख्या 20 होती. खात्याची नोंदणी फी एकदाच भरायची, 25 डॉलर. बरेच जण ही चाचणी कटकट समजून कशीबशी उरकतात. मी म्हणतो, 14 दिवस 12 माणसं तुम्हाला फुकट सल्ला देणार आहेत, त्याचं सोनं करा.

ॲप बाहेर आल्यावर गूगल तुमच्यावर लक्ष ठेवतं. रोजच्या वापरणाऱ्यांपैकी 1.09 टक्क्यांहून जास्त लोकांचं ॲप डोळ्यांदेखत बंद पडत असेल, किंवा 0.47 टक्क्यांहून जास्त लोकांचं पाच सेकंद प्रतिसाद न देता गोठत असेल, तर प्ले स्टोअरवर ते कमी लोकांना दिसू शकतं. म्हणजे हजार खेळाडूंमागे रोज पाच जणांचा गेम गोठला तरी तुम्ही रेषेच्या पलीकडे गेलात. वेग ही हौस नाही, दुकानाची जागा आहे. मेन रोडवर राहायचं की गल्लीत जायचं, ते त्यावर ठरतं.

पैसे कोणत्या क्रमाने लावायचे?

बजेट कितीही असू द्या, क्रम हा ठेवा:

1. साध्या पानांवर, साध्या टेबलावर पूर्ण डाव चालवा. नक्षी शून्य.
2. तो जुन्या फोनवर झटक्याशिवाय पळतोय याची खात्री करा.
3. पाच माणसांची चाचणी आणि दुरुस्ती. ही फेरी किमान दोनदा.
4. मग रंगरूप, आवाज, सजावट. प्रत्येक नवी गोष्ट टाकल्यावर वेग परत मोजा.
5. सगळ्यात शेवटी कमाई. जाहिरात डाव संपल्यावरच दाखवा. चालू हातात जाहिरात म्हणजे जेवणाऱ्याचं ताट ओढणं.

डेव्हलपरशी करार करताना तोंडी "फास्ट पाहिजे" म्हणू नका. कागदावर लिहा: अमुक जुन्या फोनवर, पान दाबल्यापासून 0.1 सेकंदात उचललं जाईल. रेंज जाऊन आली तर डाव तिथूनच सुरू होईल. शेवटचा हप्ता ही चाचणी पास झाल्यावर. मोजता येईल अशी अट असली की भांडणाला जागा उरत नाही. पैसे तुमचे आहेत, कदाचित घरच्यांनी पीक विकून दिलेले आहेत. ते मुकुटाच्या चमकीत जाऊ देऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ

तुम्हाला गेम बनवायचा नसेल तरी हा गृहपाठ करा. तुमच्या धंद्याचं जे काही डिजिटल असेल, ऑर्डरचा फॉर्म, कॅटलॉग, पेमेंटची लिंक, ते घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, एकच काडी रेंज असताना उघडा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात द्या आणि गप्प बसा. मग वहीत तीनच ओळी लिहा: कुठे थांबावं लागलं, कुठे बोट चुकलं, कुठे विचारावं लागलं. या तीन जागा दुरुस्त करा, आणि नव्या डिझाईनचं कोटेशन त्यानंतरच मागवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत पानं नीट पिसून ठेवा!